घरातल्या चपला

सकाळी जाग आली की पाय खाली सोडायच्या आधी मी काय काय धरायला मिळेल ते बघून ठेवायची. पलंगाची कड, मग कपाटाचं हँडल, मग दाराची चौकट, मग बाथरूमची कडी. पहिलं पाऊल टेकलं की उजव्या टाचेत खालून दाभण घुसावा तशी कळ यायची आणि थेट पोटरीपर्यंत चढायची. कळ सोसायला माझी ना नव्हती. दाढ ठणकत असताना मी दिवसभर वर्ग घेतलेला आहे. भीती होती ती पडायची. सहावा महिना संपत आला होता, आणि याआधीचं एक पाचव्यात गेलं होतं.

ते का गेलं ते कोणालाच सांगता आलं नाही. मी पडले नव्हते, काही जड उचललं नव्हतं, जागरण केलं नव्हतं. कारण नाही म्हटल्यावर माणसाला जिथे तिथे कारण दिसायला लागतं. या खेपेला मी पपई खाणाऱ्या बाईशेजारीसुद्धा बसत नव्हते. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, सगळं ठीक आहे, फक्त पडू नका. हे त्या प्रत्येकीला सांगत असणार. माझ्या मात्र ते डोक्यात जाऊन बसलं, आणि नेमकी तेव्हाच टाच उठली.

आम्ही नाशिकरोडला राहतो. मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाईंना आमच्याकडे आत्या म्हणतात. नवरा ओझरकडे कामाला, पहिली पाळी असली की उजाडायच्या आत घराबाहेर. मी सायखेड्याच्या बाजूला एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. म्हणजे दिवसभर उभी. खुर्ची असते वर्गात, पण पहिलीच्या पोरांना खुर्चीवर बसून शिकवून दाखवा कोणीतरी.

टाचेवर उपाय सगळ्यांकडे होते. आत्यांचा उपाय विटेचा. वीट गॅसवर तापवायची, तिच्यावर रुईचं पान ठेवायचं आणि पानावर टाच. डॉक्टरबाईंनी रुईचं नाव ऐकलं आणि सक्त नाही म्हणाल्या. मग पान गेलं, नुसती वीट राहिली, तीही फडक्यात गुंडाळून. आईने फोनवर सांगितलं की तुझ्या वेळी मलाही झालं होतं, बाळंत झाले आणि गेलं. शाळेतल्या एक मॅडम म्हणाल्या, मुलगा असणार, मुलगा आईच्या पायावर येतो. मी विचारलं, मग मुलगी कशावर येते? त्यानंतर त्या बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या.

शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी अंगठ्याने टाच दाबली तेव्हा मी टेबलाची कड घट्ट धरली. तळपायाला टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो, तो सुजलाय, असं त्यांनी समजावलं. अंगावर वजन आलं, सांधे सैलावले, की या दिवसांत होतं. दुखण्याची गोळी देता येणार नव्हती. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची आणि पाण्याची बाटली गोठवून तळपायाखाली फिरवायची, एवढंच. मग लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "अनवाणी चालता का?"

मला थोडा रागच आला. अनवाणी फिरायला मी काय नवस बोलले होते? मी म्हटलं, "छे. चपलेशिवाय मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही." आत्या शेजारी बसल्या होत्या, त्यांनीही मान हलवून साक्ष दिली. डॉक्टर म्हणाले, छान, मग जरा मऊ तळाच्या सँडल घ्या.

घेतल्या. रबराचा जाड तळ, टाचेखाली उशी, दिसायला अशा की नवरा म्हणाला, या घालून चंद्रावर जाता येईल. बाटली फिरवली, पोटरी ताणली, वीट चालूच होती. टाच काही ऐकेना. उलट दुपारनंतर डावीही कुरकुरायला लागली. रोज सकाळी तीच कड, तेच हँडल, तीच चौकट, आणि पोटावर एक हात. माझा स्वभाव असाही गरम. त्या दिवसांत मी भाजीवाल्याशी भांडले, रिक्षावाल्याशी भांडले, आणि नवऱ्याशी तर कशावरून भांडले तेही आठवत नाही. भीती वाटते असं म्हणण्यापेक्षा भांडणं सोपं होतं.

आता आमच्या घराचा एक नियम सांगायला हवा. चपला आत येत नाहीत. तसा तो कुठल्याच घरात नवा नाही, पण आत्यांच्या हातात तो कायदा होता. बाहेरच्या खोलीत बुद्धमूर्ती आहे, संध्याकाळी तिच्यासमोर वंदना होते, आणि स्वयंपाकघर, बेडरूम, बाथरूम कुठेही जायचं तर त्याच खोलीतून. गॅसचा माणूस, पाण्याचं मशीन दुरुस्त करणारा, नवऱ्याचे साहेब, सगळ्यांनी पायातलं दाराबाहेर काढायचं. साहेबांच्या मोज्याला भोक होतं, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. आणि शाळेत? आमच्या वर्गात फरशी बसली तेव्हापासून पोरं चपला दाराबाहेर रांगेत लावतात. ती रांग मीच लावायला शिकवली. माझ्या चंद्रावरच्या सँडल त्या रांगेच्या टोकाला दिवसभर ऊन खात बसायच्या.

एवढं सगळं डोळ्यांसमोर होतं, तरी दिसलं नाही. मलाही नाही, आत्यांनाही नाही.

त्या सकाळी नवरा पाळीला गेला होता. आत्यांनी नुकतीच फरशी पुसली होती. मी पलंग सोडला, कपाट सोडलं, चौकट धरली, आणि बाथरूमच्या उंबऱ्याशी टाचेत अशी कळ आली की मी सगळा भार डाव्या पायावर टाकला. तो पाय ओल्या फरशीवरून सटकला. पोट वाचवायला मी अंग वळवलं आणि कंबरेवर आपटले. बादली गडगडत गेली.

आत्या आल्या. ओरडल्या नाहीत. खाली बसून त्यांनी माझ्या साडेतीन हाताच्या देहाला काखेत हात घालून उठवलं. कसं उठवलं असेल, त्यांच्या गुडघ्यांना स्वतःलाच उठवत नाही. मी म्हटलं, हलत नाहीये. त्यांना कळलं काय हलत नाहीये ते.

रिक्षात त्यांचा हात माझ्या पोटावर होता आणि ओठ हलत होते. मी वाट बघत होते. रोज सकाळी चहाच्या वेळेला ते बाळ हमखास लाथ मारायचं. त्या दिवशी चहा नव्हता, लाथही नव्हती. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा मला वाटलं, हे पुन्हा होतंय, आणि या वेळी निदान कारण तरी सापडेल. असले विचार येतात माणसाच्या मनात.

दवाखान्याच्या दारात आम्ही दोघी थांबलो आणि चपला काढल्या. त्या घाईतही आत्यांनी माझ्या सँडल पायाने सरकवून भिंतीला नीट लावल्या.

डॉक्टरबाईंनी आधी मशीन लावलं. पडदा त्यांच्याकडे होता. त्यांचा चेहरा वाचायचा मी प्रयत्न केला, पण त्या मास्कमध्ये होत्या. मग त्यांनी बटण दाबलं आणि ठोके ऐकू आले. घोडा टापा टाकत पळावा तसे, भराभर. आत्या भिंतीला टेकल्या. मला रडू आलं, आणि माझ्या रडण्याने पोट हललं म्हणून की काय, आतून एक लाथ बसली. चहा मिळाला नव्हता म्हणून रागावलं असेल, माझ्यावरच गेलंय.

तपासून झाल्यावर डॉक्टरबाईंनी पडले कशी ते विचारलं. मी टाचेचं सांगितलं. त्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या आणि माझे तळपाय बघत उभ्या राहिल्या. त्यांच्या पायात दवाखान्यातल्या आतल्या चपला होत्या, ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"घरात चपला घालता ना?"

"घरात?" आत्या आणि मी एकदमच म्हणालो.

मग त्यांनी एकेक विचारलं. स्वयंपाक करताना? नाही. शाळेत वर्गात? नाही. इथे येताना? त्या दाराबाहेर काढल्या. त्या म्हणाल्या, अहो, मग घालता कधी? शाळेला जाता-येता रस्त्यावर, म्हणायला हवं होतं. सगळा दिवस कडक फरशीवर उघड्या टाचेने, आणि मी त्या हाडांच्या डॉक्टरांना तोऱ्यात सांगून आले होते. घरातलं चालणं अनवाणी असतं हे आम्हा दोघींच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, पलंगावरून पहिलं पाऊल पडेल ते चपलेतच पडलं पाहिजे. मऊ, न घसरणारी, फक्त घरातली. हे आत्यांकडे बघून म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत तिथे ठेवून घेतलं, मग सोडलं. नवरा कामावरून परस्पर जाऊन चपला घेऊन आला, आणि आत्यांची नजर चुकवून त्याने पिशवी पलंगाखाली सरकवली. त्याचा मला संताप आला. चोरीचा माल आहे का? पण माझंही धाडस झालं नाही. मी त्या पिशवीतून काढून पलंगाच्या कडेला लावल्या आणि झोपले.

सकाळी बघते तर चपला नाहीत.

नवरा गेलेला. मी पाय वर घेऊन बसून राहिले. मनात भांडण तयार झालं होतं, अगदी पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत. तुमचा नियम मोठा की हे, असं पोटावर हात ठेवून विचारणार होते. बाथरूमला जायची घाई होती, तरी ठरवलं की खाली पाऊल टाकायचं नाही. मी हाक मारली, आत्या, माझ्या चपला कुठे आहेत?

त्या आल्या. चपला त्यांच्या हातात होत्या आणि त्या पदराने तळ पुसत होत्या.

"दुकानातल्या धुळीच्या होत्या. धुऊन काढल्या," त्या म्हणाल्या. मग कशाबशा खाली बसल्या आणि माझ्या पायांपाशी त्या चपला जोडीने ठेवल्या. मी नको नको म्हणत होते. त्यांनी माझा पाय धरला.

"माझ्या आईला गावात वरच्या आळीतून जाताना चपला काढून हातात घ्यायला लागायच्या. मी तिचं बोट धरायला जायची, तर त्या हातात चपला. तेव्हाच ठरवलं होतं, माझं घर झालं की माझ्या दारात सगळ्यांनी काढायच्या. कोण का असंना."

त्यांनी टाच आत बसवली.

"तू कशाला काढायची? तुझं घर हाय."

तयार भांडण मी पलंगावरच सोडलं. मी उभी राहिले. दुखलं, पण मी कपाट धरलं नाही. त्या दिवशी वंदनेच्या वेळी मी सवयीने पाय बाहेर काढायला लागले, तर त्यांनी डोळे न उघडता मान हलवली. शाळेतही मी वर्गासाठी वेगळा जोड ठेवला. पोरांनी हरकत घेतली, मॅडमच्या चपला आत कशा? मी सांगितलं, बाळाची परवानगी आहे. त्यांना ते पटलं.

टाच लगेच थांबली नाही. आठवडे गेले, मग हळूहळू सकाळची कळ बोथट झाली. मुलगी झाली, पूर्ण दिवसांची, माझ्यासारखी रागीट. पुढे बाळंतपणातून उठले, पाय नीट चालायला लागले, तेव्हा मी घरातल्या चपला बाहेर नेऊन रॅकवर ठेवल्या. गरज संपली होती, आत्यांचा नियम आत्यांना परत द्यावा असं वाटलं.

संध्याकाळी मुलीला पाजून उठले, पाय खाली सोडले, तर चपला पलंगाखाली होत्या. तळ अजून ओले होते.