वीतभर उंचीवरून

कशेळीतले आमचे शेजारी तीन गोदामांचे मालक आहेत. इस्त्रीचा पांढरा सदरा आणि गळ्यात जाड साखळी असल्याशिवाय ते घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. गोदामांची गेटं करणाऱ्याकडूनच त्यांनी घराचंही गेट करून घेतलं. ते कंटेनर आत येईल एवढं रुंद आहे, वर दोन सोनेरी सिंह आहेत, आणि गोदामाच्या सवयीने ते जमिनीपासून वीतभर उचललेलं आहे. त्यांची कुत्रीही वीतभरच उंच.

रविवारी ती गेटखालून निसटली आणि ट्रेलरच्या रस्त्याकडे धावत सुटली. मी तिला उचलून आणलं आणि मालकांच्या हातात दिलं. आता आणखी मोठं गेट येणार, असं मला वाटलं. पण त्यांनी तिला आत सोडलं आणि स्वतः सदऱ्यासकट आतल्या बाजूने गेटसमोर पालथे झाले.

"अवो उठा, लोक बघतान!" त्यांची बायको ओरडली.

"बघू दे. हिला हितून काय दिसतं ते मला बघायचं हाय." त्यांनी गाल जमिनीला टेकवला आणि हळूच मला म्हणाले, "सर, हितून गेट दिसतच न्हाय. नुसता रस्ता दिसतो."

तासाभरात त्यांनी स्वतः गेटखाली जाळी आवळली आणि या वेळी बाहेरच्या बाजूने पुन्हा पालथे झाले. कुत्रीने आतून दोनदा धडक दिली. जाळी हलली नाही. मग तिने जाळीतूनच त्यांचं नाक चाटलं, आणि ते खदाखदा हसले.

बायकोने चटई आणून टाकली. "निदान हिच्यावर तरी लोळा."

त्यांनी सरकून अर्धी चटई मला दिली.