गुरुजींचे श्रमसंस्कार

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की राग येतो. तेव्हा मी दर्यापूर भागातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. हद्दीत एक व्यसनमुक्ती केंद्र होतं. ते चालवणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापकांना सगळा तालुका गुरुजी म्हणायचा. पोलिसांनी तंबाखू सोडावी या विषयावर आमच्या ठाण्यात येऊन ते तासभर बोलायचे आणि आम्ही मुकाट्याने ऐकायचो.

एका सकाळी हजेरी चालू असताना एक बाई आली. तिचा नवरा दारूपायी त्या केंद्रात होता. दिवाळीपासून तिला भेटू दिलं नव्हतं. 'तो मौनात आहे,' एवढंच उत्तर मिळायचं.

"साहेब, आमी बाया दरसाल गुरुजीच्या वावरात कापूस वेचतो. यंदा आमाले बलावलंच नाई. काल जाता जाता बांधावर सीतादईचा भात दिसला. मंग वेचून कोन राहिलं?"

वऱ्हाडात वेचणीच्या पहिल्या दिवशी वावरात दहीभात वाहून पूजा करतात, तीच सीतादही. ती करायची वेचणाऱ्या बायांनी. बायांना टाळलं, पण पूजा चुकवायची छाती गुरुजींना झाली नव्हती.

स्टेशन डायरीत नोंद केली, दोन पंच घेतले आणि केंद्राकडे न जाता थेट वावर गाठलं. केंद्रातले रुग्ण कापूस वेचत होते, राखणदार काठ्या घेऊन उभे. बाईचा नवरा तिथल्याच गुरांच्या कोठ्यात सापडला. पळताना तारेच्या कुंपणाने पाय फाटला होता, आणि पुन्हा पळू नये म्हणून साखळीने खाटेला बांधलेला. पाय काळा पडला होता आणि अंगात फणफणता ताप. पंचनाम्याला माणसं ठेवून मी त्याला आमच्याच गाडीतून अमरावतीला पाठवलं.

गुरुजींना ठाण्यात आणलं. चहा पुढे केला, तर म्हणाले, "मी फुकटचं घेत नाही."

"आणि या लोकांकडून फुकट वेचणी?"

"ते श्रमसंस्कार आहेत. घाम गाळल्याशिवाय पाप जात नाही."

"पाय डॉक्टरला का दाखवला नाही?"

"वेदना हेही प्रायश्चित्तच."

खोटं बोलणारा माणूस मला कळतो. हा खोटं बोलत नव्हता, म्हणूनच पंचाईत होती. दुपार झाली तरी गडी ढिम्म. शेवटी तालुक्याला ठाऊक असलेली गोष्ट मी काढली.

"गुरुजी, तुमचा मुलगाही पितो. तो कुठल्या वावरात आहे?"

मुलगा अकोल्याला चांगल्या डॉक्टरकडे होता. गुरुजींची मान पहिल्यांदा खाली गेली आणि पुस्तकी मराठी सुटली.

"साहेब, पोरगा बिमार हाये माहा. बिमार मानसाले कोनी साखयीनं बांधते काय?"

आपण काय बोललो ते त्यांना कळायला जरा वेळ लागला. मग त्यांनी पाणी मागितलं.

पोलिसांसमोरची कबुली कोर्टात टिकत नाही. दोषारोपपत्र उभं राहिलं ते पंचनामा आणि रुग्णांच्या जबाबांवर. पण मी शिकलो ते त्या एका वाक्यातून. चोराला आपण चोर आहोत हे माहीत असतं. स्वतःच्या पुण्याची खात्री पटलेला माणूस त्याच्यापेक्षा फार पुढे जातो, कारण त्याला थांबवणारं आत कोणी उरत नाही.

नवरा वाचला, पाय मात्र कापावा लागला. दवाखान्यात मी बाईला धीर दिला, गुरुजींना शिक्षा होईल म्हणालो.

"होईन तं होवो, साहेब. पन याले तिथं मीच नेऊन सोडलं होतं. हा नाई म्हणे, रडे. मी गुरुजीच्या पाया पडली, म्हनलं, याले सोडू नोका."