सडक्या संत्र्यांचा ढीग

संत्र्याचा रस नितळ करणाऱ्या एन्झाइमच्या शोधात मी अकोल्याहून चांदूर बाजारच्या एका बागेत गेले होते. झाडाखालची माती पिशवीत भरू लागले, तर बागवाले काका वैतागले. “चांगली माती कायले नेता? सडकी संत्री टाकतो, तिथली न्या.” आता हे मला शिकवणार, असं वाटून राग आला, पण नेली. त्याच मातीतल्या एका जिवाणूत ते एन्झाइम सापडलं. त्याचा जीन आम्ही प्रयोगशाळेत दुसऱ्या जिवाणूत घातला आणि एन्झाइम बनवायच्या त्या पद्धतीला पेटंट मिळालं. कागदावर आमची नावं होती, काकांचं नव्हतं. ओशाळून मी पेढे घेऊन बागेत गेले. कोपऱ्यातल्या ढिगावर माश्या घोंघावत होत्या.

काका म्हणाले, “तुमाले अजून लागन म्हणून उचललाच नाही.”