लाथ माझी, अंगठा आत्याचा

मी पायाळू नाही. आईच्या पोटातून चारचौघांसारखा डोक्याकडूनच आलो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. तिनं तर लग्नाआधीच ऐकलं होतं की येरमाळ्याकडचा हा दुकानदार पायाळू आहे आणि त्याची लाथ बसली की उसण पळते. पन्नाशी गाठली, तरी अजून महिन्यातून एखादा कंबर धरून दारात येतो, ओणवा उभा राहतो आणि मी त्याच्या पाठीला पाय लावतो.

खोटं सुरू झालं निजामीच्या शेवटच्या काही वर्षांत, एका शब्दानं.

आमचं गूळ-तेल-मिठाचं दुकान. आई मला जन्म देऊन गेली. वाढवलं विधवा आत्यानं. विशीत गुळाच्या ढेपा उचलून माझा हात आखडला. दुखायचं मनगटात, म्हणून मी मनगटालाच तेल चोळायचो.

"चोर मागल्या दारी, अन् तू फुडल्या दारी काठी घिऊन हुबा," आत्या म्हणाली. तिनं माझ्या फऱ्यावर, म्हणजे खांद्यामागच्या पसरट हाडावर, अंगठा फिरवला आणि एका जागी थांबली. तिथं ताणलेल्या दोरीवर असावी तशी वाटाण्याएवढी गाठ होती. तिनं दाबली मात्र, कळ थेट मनगटात उतरली. "हां, घावलं बीळ!" तिनं रगडलं नाही, नुसतं दाबून धरलं. मी आठ-दहा सावकाश श्वास घेतले तोवर गाठ सैलावली.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. जात्यावर ज्वारी दळून तिचाच हात वर्षानुवर्षं दुखायचा. भिंतीशी पाठ लावायची, मधे चिंध्यांचा चेंडू धरायचा आणि आपल्याच गाठी शोधायच्या, असं करत ती शिकली. गल्लीतल्या बायका तिच्याकडं यायच्या. पुरुषाच्या पाठीला विधवेनं हात लावायची सोय नव्हती.

एक दिवस पटवारी आमच्या बाकावरून उठायला गेला आणि वाकडाच राहिला. माझे हात तेलानं बरबटलेले. मी आत्यानं मागे एकदा दाखवलेल्या दुसऱ्या जागी, कमरेच्या कडेला, टाच टेकवली आणि दाबून धरली. पटवारी सरळ झाला. डोळे मोठे करून म्हणाला, "पायाळू हायस का रं?"

"व्हय," मी म्हणालो.

आत्याचं नाव घेतलं तर लोक हसतील, असं मी मनाला सांगितलं. खरं म्हणजे मला ते मोठे झालेले डोळे आवडले.

आत्यानं आतून ऐकलं होतं. भाकरी वाढताना म्हणाली, "तू जल्मलास तवा म्या तितंच हुते. डोस्कंच आदी आलं. पर आता आभाळ गरजलं की तुला कुणी जवळ बसू द्यायचं न्हाय, बघ."

पायाळूवर वीज पडते, ही गावाची पक्की समजूत. ढग गडगडले की बाजारातल्या छपराखालून लोक मला हात जोडून बाहेर काढायचे. "मालक, राग मानू नका, पर तिकडं थांबा. आमाला लेकरंबाळं हायती." मी एकटा भिजत उभा. घरी आलो की आत्या कोरडं धोतर हातात द्यायची आणि पोट धरून हसायची.

एका वर्षी थंडीच्या तोंडावर पिंजारी चाचा आला. गावाच्या गाद्या-रजया त्याच्याच हातच्या. कापूस पिंजायची जड कमान दिवसभर डाव्या हातात तोलायची आणि उजव्यानं तारेवर ठोके द्यायचे. आता डाव्या हातातून कमान सुटत होती, कळ अंगठ्यापर्यंत जात होती.

"बेटा, हात बंद तो पेट बंद," तो म्हणाला. "लेकीच्या दारात जाऊन बसावं लागंल. मार लाथ."

मी मारली. एक, दोन, तीन. पाचवीला चाचा कळवळला, "अरे, हात ऱ्हायला बाजूला, कंबर बी गेली की!"

मी हात टेकले. तेवढ्यात आत्या उंबऱ्यावर आली. "भाऊ, त्याचा पाय आज रुसलाय. जरा वळून बसा." मग मला म्हणाली, "अंगठा लाव. फऱ्यावर. खाली. आनखी आत. हां, आता हलू नगं."

"वहाँ काय को दबाता?" चाचा ओरडला. "दुखतंय हितं, अन्... या अल्ला! अंगठ्यात वाजलं की!"

"वाजू द्या," आत्या म्हणाली. "श्वास सोडा."

रोज तो येत राहिला. आत्यानं त्याला कमान कशी धरतो ते करून दाखवायला लावलं आणि कपाळावर हात मारला. "तोलता कशाला? झाडाला दोरीनं टांगा की! आमी गाठ सोडायची अन् तुमी रोज नवी बांदायची, हे काय काम हाय व्हय?"

पंधरवड्यानं लिंबाखालून तारेचा आवाज पुन्हा सुरू झाला.

बाजाराच्या दिवशी चाचा लाल रजई खांद्यावर टाकून दुकानापुढं आला. भोवती माणसं गोळा झाली. आत्या आत मीठ मापत होती. चाचानं सरळ विचारलं, "लोक पूछते, बेटा. गुण लाथेचा का अंगठ्याचा? का आत्याचा? तूच सांग, रजई त्याला."

आत्याचं माप थांबलं. तो आवाज थांबलेला मला अजून आठवतो.

"पायाळूचा गुण अंगभर असतो, चाचा," मी म्हणालो. "पायात तसा हातात. आत्या आपली सोबतीला बोलत होती."

रजई माझ्या खांद्यावर आली. घरी मी ती आत्यापुढं धरली. "पायाळूची हाय, त्यानंच पांघरावी. मला घोंगडी पुरती," ती हसून म्हणाली. त्या रजईत ऊब होती, पण मला कधी गाढ झोप लागली नाही.

निजामी गेली. चाचा गेला, आत्याही गेली. गुण जन्माचा आहे असं मीच पसरवलं, म्हणून तिच्याकडून शिकून घ्यावं असं गावात कुणाला वाटलंच नाही.

परवा माझी लेक मनगटाला तेल चोळत बसली होती. मी चिंध्यांचा चेंडू बांधून दिला, भिंत दाखवली. थोड्या वेळानं ती ओरडली, "आबा, घावली! पण हे शिकवलं कुणी?"

"आत्यानं."

"मग तुमचा पाय?"

मी उठून दुकानात गेलो आणि हे लिहायला बसलो.

बाजाराच्या दिवशी, त्याच जागी उभं राहून, सगळ्यांदेखत 'गुण आत्याचा होता' एवढं सांगणं मी अजून देणं लागतो.