चाळीसच्या वर नाही

बडोद्यात जो तो नवी गाडी घेत होता, तेव्हा मी वडिलांच्या मोटरसायकलचं इंजिन नव्याने बांधून घेतलं. पिस्टन रुळेपर्यंत चाळीसच्या वर जायचं नाही, असं मेकॅनिकने बजावलं होतं. म्हणून सकाळच्या धुक्यात डभोईच्या रस्त्याने रमतगमत निघालो. शेजारी तशीच संथ एक स्कूटर आली. चालवणारे गृहस्थ साठीचे, मागे शाल गुंडाळलेली त्यांची बायको.

"केम भाई, इंजिन उघडलंय?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

"हो. तुमचंही?"

"ना, हिचं. हृदयाचं ऑपरेशन झालंय."

मग आम्ही जोडीने चाललो. कपाशीची शेतं हळूहळू मागे सरकत होती.

एकदम बाईंनी नवऱ्याच्या खांद्यावर थाप मारली. "अहो, जरा जोरात घ्या ना!"

ते क्षणभर घुटमळले, आणि त्यांनी मूठ पिळली. धुक्यात दोघं दिसेनाशी झाली, तरी बाईंचं हसणं ऐकू येत होतं.