जेवणाऱ्याला विचारू नये

माझ्या अर्जावर साहेबाने बांगड्याचे काटे काढून ठेवले.

परवान्याच्या कचेरीतली दुपार. बांगडा माझ्या हातचा, डबा माझा. आणि ताटाशेजारी अंथरलेला कागद, तोही माझाच. खाली माझी सही दिसत होती. चौथी शिकलेल्या बाईची सही, एकेक अक्षर सुटं. हा अर्ज चार महिने साहेबाला सापडत नव्हता.

लालबागच्या चाळीत आमची खाणावळ होती. एकच खोली, पण गिरणीतले तीस जण पाळीपाळीने जेवून जायचे. मग संप झाला. तो मिटला नाही, नुसता विरला. नवऱ्याच्या गिरणीला टाळं लागलं, जेवणारे गावी गेले. नाक्यावर एक गाळा मिळत होता. तिथे मच्छीचं जेवण विकायचं ठरवलं. गाळेवाला दिवाळीपर्यंत थांबणार होता. हवा होता फक्त परवाना.

अर्ज दिला त्याच दिवशी साहेब म्हणाला, "चव बघितल्याशिवाय परवाना कसा देणार, बाई?" सगळी कचेरी हसली. मीही हसले. दुसऱ्या दिवशी डबा नेला, मग रोजच नेऊ लागले. साहेब जेवायचा, मी दाराशी उभी. नंतर तिथल्याच नळावर त्याची उष्टी भांडी घासायची.

सासूची शिकवण होती, "जेवतल्या माणसाक काय इचारू नये गो." खाणावळीत आम्ही ती कायम पाळली. म्हणून विचारायचं ते साहेबाने हात धुतल्यावर. तो ढेकर देऊन म्हणायचा, "अर्ज सापडत नाही. पोच आहे का?" पोच नव्हतीच. आपलं मीठ खाणाऱ्याकडे पोच कशी मागायची? मला लाज वाटली होती. मूर्ख बाई मी.

त्या दिवशी मी कागद ओढला. काटे त्याच्या ताटात झटकले.

"हा माझा अर्ज. पोच द्या."

"बाई, जेवू तर दे."

"आधी पोच."

त्याने डाव्या हाताने चिठोऱ्यावर शिक्का मारून दिला. डबा मी तसाच उष्टा उचलला.

परवाना अजून नाही. दिवाळी गेली, गाळाही गेला. नवरा म्हणतो, "सोड गो आता." थकले आहे मी, खोटं कशाला सांगू? पण दुसरा गाळा बघते आहे. आणि दर सोमवारी कचेरीत जाते. डबा नेत नाही, पोच नेते. बरोबर जेवणाच्या सुट्टीत.

साहेबाच्या तोंडात घास असतो, तेव्हाच विचारते, "माझ्या परवान्याचं काय झालं?"