प्रत लावलेले भुंगेरे

आषाढ वद्य पंचमी, कापसाच्या तेजीचं तिसरं वर्ष. अमरावती, कचेरीमागचा व्हरांडा. हजर: भुंगेरे जमवणारे इंग्रज साहेब, त्यांचा कारकून मी, चिखलदऱ्याचा एक लाकूडतोड्या, अकोल्याकडचा एक गुराखी.

दोघांनी महिनाभर भुंगेरे धरून आणले होते. गुराख्याकडे शेणाचे गोळे लोटणारे काळे जास्त, लाकूडतोड्याकडे खोड पोखरणारे, लांब मिशांचे. प्रत्येक पुडीत गावाची चिठ्ठी होती. आदल्या दिवशी मी पुड्या सोडून सगळं नीट पेटीत लावलं. दोन हंगाम बाजारात कापसाची प्रत लावली होती. तोच हात इथेही चालला. गावोगावचा माल एकत्र केला, मग मोठे, मध्यम, बारीक, चकचकीत वेगळे. चिठ्ठ्या केरात गेल्या.

साहेबांनी पेटी पाहिली. "वरचे कडक पंख सगळ्यांनाच असतात," ते म्हणाले. "जात ठरते मिशांवरून, पायांवरून. ते मी पाहीन. पण कोणता कुठे राहतो, हे आता कोण सांगणार?"

त्यांचं बोट तांबड्या कडेच्या एका सोनकिड्यावर होतं. तसा त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता. ज्याने तो आणला, त्यालाच ते हिवाळाभर वाटाड्या म्हणून नेणार होते. रानात तोड बंद झाल्यापासून लाकूडतोड्याला काम नव्हतं.

"म्याच आनला. धावड्याच्या झाडावर होता," तो म्हणाला.

"अन् म्या बाभयीवर धरला तो काय उडून गेला?" गुराखी म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "कारकूनसायेब, तुमी काहून हात लावला? आता या भुंगेऱ्यायची सरकी बी काढान का?"

"चूक माझी," मी म्हणालो.

साहेबांनी सांगितलं, दोघांनी पुन्हा एकेक आणावा, चिठ्ठीसकट. गुराख्याने आठ दिवसांत चार सोनकिडे आणले. तांबडी कड एकालाही नव्हती. लाकूडतोड्याला वर पावसाने गाठलं. तो घाट उतरून आला तेव्हा त्याची पुडी रिकामी होती. साहेब वाटाड्याविनाच दौऱ्यावर गेले आणि पुढे त्यांची बदली झाली. लाकूडतोड्या कापसाच्या गाड्यांवर लागला.

पेटी माझ्याकडे राहिली. सोनकिड्याखालची चिठ्ठी कोरी आहे. धावड्याची ती झाडं लाकूडतोड्यासोबत पाहून यायचं मी त्याला कबूल केलं होतं. अजून जाणं झालेलं नाही.